लोकेच्छेचा कार्यवाह : जनरल रिव्हिएर-एरार आणि हैतीतील १८४३ ची क्रांती

हैतीच्या इतिहासाचे जे वाचन सर्वसाधारणपणे होते ते १७९१ च्या गुलामांच्या उठावापासून आरंभ पावते आणि १८०४ च्या स्वातंत्र्यघोषणेपाशी थांबते. तूसँ लूव्हेर्त्यूर, देसालीन, क्रिस्तोफ व पेतियों या पुरुषांनी तो कालखंड व्यापलेला आहे. त्यापुढील शतकाचा इतिहास म्हणजे एकामागून एक सत्तेवर आलेल्या आणि पदच्युत झालेल्या सेनानींची नामावळी, असे गृहीत धरून तो बाजूस सारला जातो. शार्ल रिव्हिएर-एरार हा जनरल या नामावळीत फारच थोडा वेळ दिसतो. जानेवारी १८४४ च्या पहिल्या आठवड्यात त्याने राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि ३ मे १८४४ रोजी त्याच्या जागी दुसऱ्याची स्थापना झाली. चार महिन्यांच्या या कारकिर्दीत बेटाचा पूर्व भाग हैतीच्या हातून कायमचा गेला, दक्षिणेतील शेतकरी भाले घेऊन शहरांवर चालून आले, आणि देशाच्या इतिहासातील सर्वांत उदार म्हणून गणली जाणारी राज्यघटना शंभर दिवसही धड टिकली नाही. एवढ्या घटना एकाच माणसाच्या अकर्तृत्वाचे फळ मानणे कठीण आहे. तसे मानणारे इतिहासकार मात्र होऊन गेले.

एरारच्या विचाराला त्याच्या एका अधिकारपदापासून आरंभ करणे सोयीचे होईल. १८४२ मध्ये ब्वाये राजवटीविरुद्ध कट करणाऱ्या मंडळीने त्याला जे पद दिले ते सेनापतीचे नव्हते, अध्यक्षाचेही नव्हते. ‘सार्वभौम जनतेच्या इच्छेचा आणि तिच्या ठरावांचा कार्यवाहप्रमुख’ असा त्या फ्रेंच संज्ञेचा अर्थ होतो. इच्छा जनतेची, ठराव जनतेचे आणि जनरलाकडे केवळ अंमलबजावणी, ही या शब्दांमागची कल्पना होती. तिच्यात दोन प्रश्न अनुत्तरित राहिले. ही जनता म्हणजे नेमके कोण? आणि अंमलबजावणीचे साधन ज्याच्या हाती आहे, त्याने ते ठराव संपल्यावर खाली ठेवावे, अशी हमी कोणी घ्यावयाची? एरारच्या उदयास्ताची कथा ही बव्हंशी या दोन प्रश्नांची कथा आहे.

ज्या राजवटीविरुद्ध हा कट झाला तिचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. पेतियोंच्या मृत्यूनंतर १८१८ मध्ये झाँ-पिएर ब्वाये दक्षिणेकडील प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला. १८२० मध्ये क्रिस्तोफच्या अंतानंतर उत्तरेचे राज्य, आणि १८२२ मध्ये बेटाचा स्पॅनिश भाषिक पूर्व भाग त्याने आपल्या शासनाखाली आणला. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने युद्धनौकांच्या धाकाखाली हैतीच्या स्वातंत्र्याला मान्यता दिली. तिची किंमत ठरली १५ कोटी फ्रँक. माजी मळेवाल्यांच्या गेलेल्या मालमत्तेची ही भरपाई होती, आणि त्या मालमत्तेत हिशेबाच्या दृष्टीने स्वतः हैतीचे नागरिकही मोडत होते, हे विसरून चालणार नाही. पहिल्या हप्त्यासाठीच पॅरिसमध्ये ३ कोटींचे कर्ज काढावे लागले. १८३८ मध्ये उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली गेली, तरी कागदी चलनाची घसरण, कॉफीवरील निर्यातकर आणि रिकामा खजिना ही दुखणी कायम राहिली.

हे ऋण फेडावयाचे तर मळ्यांतून उत्पन्न निघाले पाहिजे, आणि मळ्यांतून उत्पन्न निघावयाचे तर शेतमजूर तेथे राहिला पाहिजे. १८२६ च्या ग्रामीण कायद्याचा हा तर्क होता. कष्टकऱ्याला जमीनमालकाशी करार करण्याची सक्ती, परवान्यावाचून गाव सोडण्यास मनाई, आणि करार न करणारास भटक्या ठरवून शिक्षा, ही त्याची मुख्य कलमे. अंमलबजावणी जिल्ह्याच्या लष्करी अधिकाऱ्याकडे होती; शेतीची देखरेख ही त्याच्या कर्तव्यांचाच भाग होती. व्यवहारात हा कायदा पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिला. शेतकऱ्याने डोंगरउतारावर लहानसा तुकडा मिळवावा, त्यात कॉफी व घरापुरते अन्न पिकवावे आणि मळ्याकडे पाठ फिरवावी, हा प्रवाह कोणत्याही कायद्याने थांबण्याजोगा नव्हता. परंतु कायदा निष्फळ ठरला तरी त्यासाठी उभी राहिलेली यंत्रणा राहिली. गावात सरकार म्हणून जे काही दिसे, ते गणवेशातच दिसे. न्यायालय, शाळा, नगरपालिका या संस्था एक तर नव्हत्या, किंवा काही शहरांपुरत्या होत्या. पुढील घटनांचा उलगडा करताना ही एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

ब्वायेचा विरोधी पक्ष शहरांतून निघाला. वकील, व्यापारी, वृत्तपत्रलेखक, तरुण अधिकारी व लोकप्रतिनिधी सभेचे सदस्य असे हे लोक होते. त्यांतील बहुतेक मिश्रवर्णीय, आणि स्वतः ब्वायेही मिश्रवर्णीयच. ले-काय् शहराचा प्रतिनिधी एरार द्युमेल हा त्यांचा अग्रणी होता. वक्ता म्हणून त्याची ख्याती होती, आणि उत्तर हैतीच्या प्रवासावरील त्याचा १८२४ चा ग्रंथ आजही अभ्यासकांना लागतो, कारण बोआ कायमान येथील गुलामांच्या शपथविधीचे हैतीत छापले गेलेले एक आरंभीचे वर्णन त्यात आहे. १८३३ मध्ये द्युमेल व त्याचा सहकारी दाव्हीद सँ-प्रे यांना सभेतून काढून टाकण्यात आले; पुन्हा निवडून आल्यावर पुन्हा तोच प्रकार झाला. १८४२ च्या निवडणुकीत विरोधकांना मोठे यश मिळाले, तेव्हा सभागृहाच्या दाराशी सैनिक उभे करून नव्या सदस्यांना अडविण्यात आले. वैध मार्ग खुंटल्याची भावना यानंतर पक्की झाली. त्याच वर्षी ७ मे रोजी झालेल्या भूकंपाने काप-हैतियँ शहर उद्ध्वस्त केले, हजारो माणसे गाडली गेली, आणि ढिगाऱ्यांतील लूट थांबविण्याचे सामर्थ्यही सरकारात उरलेले नाही हे सर्वांनी पाहिले.

शार्ल एरार हा द्युमेलचा चुलतभाऊ. दक्षिणेतील पोर-साल्यू येथे १६ फेब्रुवारी १७८९ रोजी, म्हणजे बास्तीयच्या पतनाच्या पाच महिने आधी, त्याचा जन्म झाला. पेतियोंच्या सैन्यात त्याने क्रिस्तोफविरुद्धच्या मोहिमांत चाकरी केली आणि पुढे तोफखान्यातील अधिकारी झाला. पन्नाशी उलटेपर्यंत त्याच्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. त्याची निवड त्याच्या पराक्रमावरून झाली नव्हती. कटवाल्यांना गणवेशातील माणूस हवा होता, आणि तो द्युमेलच्या घरातलाच मिळाला. ले-काय् परिसरातील एरारच्या प्रालँ या मळ्यावर ‘मानव व नागरिक यांच्या हक्कांच्या संघा’च्या बैठका झाल्या. १ सप्टेंबर १८४२ चा जाहीरनामा या मळ्याच्याच नावाने ओळखला जातो. ब्वायेची आजीव सत्ता, सभागृहाची गळचेपी, शिक्षणाची उपेक्षा आणि अर्थव्यवस्थेची दुर्दशा यांचा पाढा त्यात वाचलेला आहे. शेतमजुराला बांधून ठेवणाऱ्या ग्रामीण कायद्यावर जो भर अपेक्षावा, तो मात्र त्यात दिसत नाही. जाहीरनामा लिहिणारांपैकी अनेक जण जमीनदार होते.

२७ जानेवारी १८४३ रोजी प्रालँ येथे बंडाचे निशाण उभारले गेले. आरंभ आशादायक नव्हता. एरारला ले-काय् सोडून पश्चिमेकडे सरकावे लागले. तेथे जेरेमी शहर त्याला मिळाले आणि पारडे फिरले. सरकारी पलटणी लढण्याऐवजी एकेक करून बंडवाल्यांकडे जाऊ लागल्या. १३ मार्च रोजी ब्वायेने सेनेटला राजीनाम्याचे पत्र धाडून ‘सिला’ या ब्रिटिश युद्धनौकेवर पाय ठेवला व जमेका गाठले. त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एरार राजधानीत प्रवेशला तेव्हा त्याचे स्वागत मुक्तिदात्याचे व्हावे तसे झाले. सात आठवड्यांत पंचवीस वर्षांची राजवट कोसळली, आणि तीही अल्प रक्तपातात. या सुलभ विजयाने दोन भ्रम निर्माण केले. आपल्या विचारांमुळे देश जिंकला असे शहरी सुधारकांस वाटले, तर आपल्या सैन्यामुळे जिंकला असे जनरलास वाटले. वस्तुतः सैन्य ब्वायेला कंटाळले होते, आणि वाटेतील खेड्यांतून माणसे बरोबर आली ती त्यांना काही आश्वासने मिळाली होती म्हणून. कॉफीला भाव मिळेल, परदेशी माल स्वस्त होईल, मुलांना शाळा मिळतील अशी ती आश्वासने होती. पुढल्या वर्षी हीच आश्वासने वसूल करण्यासाठी लोक आले.

या मोहिमेतील एक प्रसंग उत्तरकालीन घटनांच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण आहे. पूर्वेस सांतो दोमिंगो शहरात हुआन पाब्लो दुआर्ते या तरुणाने १८३८ मध्ये ‘त्रिनितारिया’ नावाची गुप्त संघटना स्थापिली होती. हैतीपासून अलग होणे हे तिचे ध्येय होते. ब्वायेविरुद्ध दक्षिणेत काही शिजत असल्याचे कळताच दुआर्तेने आपला सहकारी रामोन मातियास मेया यास जानेवारी १८४३ मध्ये ले-काय् येथे पाठविले. सुधारक व विभक्ततावादी यांची युती झाली. मार्चमध्ये सांतो दोमिंगोत जो उठाव झाला त्यात दोन्ही पक्षांचे लोक खांद्याला खांदा लावून उभे होते. शत्रू एकच होता तोवर हे जमले. दोघांच्या घोषणा एकच होत्या. फक्त ‘जनता’ या शब्दाने एकाला संपूर्ण बेट अभिप्रेत होते आणि दुसऱ्याला त्याचा पूर्वार्ध.

एप्रिल १८४३ च्या आरंभी हंगामी सरकार स्थापन झाले. एरारखेरीज त्यात उत्तरेतील वयोवृद्ध जनरल फिलिप गेरिये यांच्यासारखे जुन्या पिढीचे सेनानीही घेतले गेले; खरी सूत्रे मात्र एरार आणि द्युमेल यांच्याकडे होती. बेटाच्या सर्व भागांतून प्रतिनिधी बोलावून सप्टेंबरात घटनासमिती भरविण्याचे ठरले. दरम्यानच्या पाच महिन्यांत ‘कार्यवाहा’ने जी कामे केली त्यांचा क्रम पाहण्याजोगा आहे.

पहिले काम पूर्वेचे. जूनमधील स्थानिक निवडणुकीत सांतो दोमिंगो येथे विभक्ततावाद्यांची सरशी झाली, तेव्हा एरार सैन्य घेऊन उत्तरेच्या मार्गाने तिकडे निघाला आणि १२ जुलै रोजी त्या शहरात दाखल झाला. वाटेत पकडापकडी झाली. पकडलेल्यांत मेया होता. ज्यांच्याशी युती करावयास तो सहा महिन्यांपूर्वी ले-काय्‌ला गेला होता, त्यांच्याच आज्ञेने त्याची रवानगी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या तुरुंगात झाली. दुआर्ते लपून राहिला आणि ऑगस्टच्या आरंभी देश सोडून गेला. फ्रान्सिस्को देल रोसारियो सांचेझ आजारी होता. तो मरण पावल्याची वार्ता पसरवून त्याच्या मित्रांनी त्याला वाचविले. लष्करी दृष्ट्या ही फेरी यशस्वी म्हणावी लागेल. परंतु पूर्वेचे खरे गाऱ्हाणे तीत कोठेच हाताळले गेले नाही. फ्रान्सला द्यावयाच्या भरपाईचा बोजा त्या प्रांतावरही पडला होता, आणि ते मळे व ते गुलाम यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या होत्या. अनेक हिस्सेदारांनी सामाईक धारण करावयाच्या जुन्या स्पॅनिश पद्धतीच्या जमिनींना फ्रेंच कायद्याच्या साच्यात बसविण्याचा प्रयत्न झाला होता. या गाऱ्हाण्यांचे उत्तर पलटणींच्या संचलनाने देता येत नव्हते.

दुसरे काम दक्षिणेचे. ले-काय् परिसरात सालोमाँ हे कृष्णवर्णीय जमीनदार घराणे वजनदार होते. नव्या राजवटीतील अधिकारपदे मिश्रवर्णीयांच्याच वाट्यास जात आहेत, अशी तक्रार या घराण्याने लेखी मांडली, आणि तिची दाद न लागल्यावर ऑगस्टमध्ये शस्त्र उचलले. बंड मोडले गेले. घराण्यातील प्रमुखांना हद्दपार व्हावे लागले. त्यांच्यातलाच लिझ्युस सालोमाँ १८७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि नऊ वर्षे सत्तेवर राहिला. या बंडाकडे केवळ वर्णसंघर्ष म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. परंतु सालोमाँ घराण्याची मागणी अधिकारपदांतील वाट्याची होती. त्यांच्या भोवती जे शेतकरी जमले त्यांची मागणी निराळी होती, आणि घराणे हद्दपार झाल्याने ती नाहीशी झाली नाही.

अशा पार्श्वभूमीवर घटनासमितीचे काम चालले आणि ३० डिसेंबर १८४३ रोजी घटना संमत झाली. तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण एरारच्या पतनाचे मूळ तिच्यात असल्याचे त्याचे समर्थक म्हणत, आणि ते अर्धे खरे आहे. आजीव अध्यक्षपद रद्द करून अध्यक्षाची मुदत चार वर्षे ठरविली गेली. न्यायाधीश निवडणुकीने नेमावयाचे, फौजदारी खटल्यांत ज्युरी असावयाची, शहरे व गावे यांचा कारभार निवडून आलेल्या नगरसमित्यांनी पाहावयाचा, आणि लष्कराने मुलकी सत्तेच्या आज्ञेत राहावयाचे अशी तिची रचना होती. घटनाकारांचे वाचन दांडगे होते, यात संशय नाही. परंतु ज्या जिल्ह्यात काल एक लष्करी अधिकारी सर्वाधिकारी होता, तेथे आज त्याने एका निर्वाचित नगराध्यक्षाला सलाम करावा, हे केवळ कलम लिहिल्याने घडणार नव्हते. नगराध्यक्षाला ना पैसा होता ना शिपाई. अधिकाऱ्याकडे निदान शिपाई तरी होते. सैनिकांत या घटनेला ‘छोटा राक्षस’ हे नाव पडल्याचे हैतीचे इतिहासकार नमूद करतात. गोऱ्या माणसास हैतीचे नागरिकत्व व स्थावर मालमत्ता मिळू नये, हा १८०५ पासून चालत आलेला निर्बंध मात्र याही घटनेने कायम ठेवला. फ्रान्सच्या भीतीपोटी तो समजण्यासारखा होता. पूर्वेच्या प्रतिनिधींना त्यात आपल्या प्रांताची कोंडी दिसत होती.

त्या प्रतिनिधींपैकी बुएनाव्हेंतुरा बाएस व त्याचे काही सोबती यांनी घटनासमितीच्या बैठकांना हजर असतानाच पोर्ट-ओ-प्रिन्समधील फ्रेंच महावाणिज्यदूत लव्हासर याच्याशी गुप्त बोलणी चालविली होती. पूर्व भाग हैतीपासून तोडून फ्रान्सच्या संरक्षणाखाली आणावा आणि त्याबद्दल सामाना द्वीपकल्प फ्रान्सला द्यावे, असा हा बेत होता. म्हणजे घटनेवर एकमताने सह्या घडत असता त्याच सभागृहात एक पक्ष देशाच्या विभागणीच्या वाटाघाटी करीत होता. एरारला याची कितपत कल्पना होती, हा प्रश्न येथे गौण आहे. त्याचे लक्ष घटनेने आपल्या अधिकारांवर घातलेल्या मर्यादांकडेच होते.

घटनासमितीने त्यालाच पहिला अध्यक्ष निवडले. शपथविधीस आठ आठवडेही झाले नव्हते तोच पूर्वेत ठिणगी पडली. १६ जानेवारी १८४४ च्या विभक्ततावादी जाहीरनाम्यात ब्वायेच्या काळातील अन्यायांबरोबरच नव्या राजवटीने केलेल्या विश्वासभंगाचाही उल्लेख आहे. २७ फेब्रुवारीच्या रात्री सांतो दोमिंगोच्या मिसेरिकोर्दिया दरवाजापाशी मेयाने बंदुकीचा बार काढला. तोवर त्याची सुटका झाली होती. दुसऱ्या दिवशी फ्रेंच वाणिज्यदूत सँ-दनी याच्या मध्यस्थीने शहरातील हैतीच्या शिबंदीने शरणागती पत्करली. दोमिनिकन प्रजासत्ताक जन्मास आले.

एरारने स्वतः मोहिमेचे नेतृत्व पत्करले. मार्चच्या पूर्वार्धात तो दक्षिणेच्या मार्गाने निघाला. उत्तरेकडून काप-हैतियँचा जनरल पिएरो याने सान्तियागो शहरावर चाल करावी असे ठरले. १९ मार्च रोजी आसुआ येथे पेद्रो सांताना याच्या सैन्याने हैतीची चढाई परतविली. सांताना नंतर मागे हटला आणि एरारने ते गाव ताब्यात घेतले, परंतु तेथून तो पुढे सरकू शकला नाही. ३० मार्चला सान्तियागोपुढे पिएरोचा मोड झाला. युद्धबंदीच्या बोलण्यांत त्याला एरार आसुआ येथे मारला गेल्याची बातमी दाखविण्यात आली. बातमी खोटी होती. पिएरोने तिच्यावर विश्वास ठेवला, की ठेवावयाचा ठरवला, हे सांगणे कठीण. तो काप-हैतियँला परतला आणि एप्रिल संपण्याच्या आत राजधानीच्या हुकुमतीतून बाहेर पडला. इकडे मार्चअखेर युद्धाचे निमित्त सांगून एरार-द्युमेल यांनी घटनात्मक संस्था बाजूस सारल्या. घटनेचे समर्थक असलेले शहरी सुधारक त्यामुळे दुरावले, आणि जे लष्करी अधिकारी घटनेवर रुष्ट होते ते काही जवळ आले नाहीत.

निर्णायक आघात दक्षिणेतून झाला. एप्रिलच्या आरंभी झाँ-झाक आकाओ हा माजी ग्रामपोलीस अधिकारी हजारो शेतकऱ्यांसह ले-काय्‌वर चालून गेला व ते शहर त्याने घेतले. त्यांच्या हातांत अणकुचीदार काठ्यांचे भाले होते. त्यावरूनच त्यांना ‘पिके’ हे नाव पडले. आपल्या दलाला आकाओ ‘पीडितांची सेना’ म्हणे. अनवाणी पाय आणि गवती टोपी हा त्याचा वेष त्या काळच्या वर्णनांतून पुन्हा पुन्हा येतो. तो पाहून शहरवासी हसत आणि घाबरतही. त्याच्या घोषणापत्रांत हद्दपार झालेल्या सालोमाँ मंडळींच्या परतीची मागणी आहे, त्याचप्रमाणे वचन देऊन न दिलेल्या सार्वत्रिक शिक्षणाचा आणि शेतकऱ्याच्या दैन्याचा उल्लेख आहे. कृष्णवर्णीय श्रीमंत झाला की तो मिश्रवर्णीय, आणि मिश्रवर्णीय गरीब असला की तो कृष्णवर्णीय, या अर्थाची म्हण आकाओच्या गोटातून निघाल्याचे सांगतात. ती ज्या फ्रेंच लेखकाच्या द्वारे जगाला कळली त्याला पिके लोकांविषयी यत्किंचितही सहानुभूती नव्हती, म्हणून शब्दशः ती कोणाची हा वाद राहील. तथापि वर्ण व वर्ग यांचे नाते या लोकांनी कसे समजून घेतले होते, याचा तो उत्तम दाखला होय.

प्रालँच्या कटात ज्या प्रदेशाने एरारला उचलून धरले, त्याच प्रदेशाने चौदा महिन्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली, ही गोष्ट केवळ दैवदुर्विलासाची नाही. १८४३ च्या मार्चमध्ये जे लोक बरोबर आले होते त्यांचा ‘सार्वभौम जनते’त समावेश करण्याचा विचार घटनासमितीत कोणी गंभीरपणे केला नव्हता. ग्रामीण भागासाठी क्रांतीने जे केले ते एवढेच, की तिने ब्वायेचे अधिकारी बदलले.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. पूर्वेत सैन्य अडकलेले, उत्तर फुटलेली, दक्षिण शेतकऱ्यांच्या हाती, अशा अवस्थेत राजधानीतील मुत्सद्द्यांनी ३ मे रोजी गेरियेला अध्यक्ष केले. तो कृष्णवर्णीय, क्रिस्तोफच्या दरबारातील माजी सरदार, आणि वयाने ऐंशी उलटलेला. त्याच्या नावाने पिएरो व आकाओ दोघांनाही शांत करता येईल आणि कारभार आपल्या हाती राहील, असा मिश्रवर्णीय पुढाऱ्यांचा हिशेब होता. हैतीच्या राजकारणात ज्याला ‘अस्तराचे राजकारण’ म्हणतात (वरचे कापड एका रंगाचे, आतले दुसऱ्या) त्याचा आरंभ येथून मानतात. गेरिये अकरा महिन्यांत वारला. पिएरो व रिशे यांच्याही कारकीर्दी अल्पकाळच्या ठरल्या. १८४७ मध्ये याच हिशेबाने निवडलेल्या सुलूकने तो हिशेबच उधळून लावला. एरारने आसुआ सोडताना ते गाव जाळले. जूनच्या आरंभी त्याची जमेकाला रवानगी झाली.

इतिहासकारांनी त्याला सामान्यतः कठोरपणे लेखिले आहे. बोब्रँ आर्दुअँ याच्या ग्रंथाचे अकरा खंड १८५३ ते १८६० या काळात प्रसिद्ध झाले आणि त्यांवाचून या काळाचा अभ्यास होऊ शकत नाही. परंतु तो ब्वायेच्या राजवटीतील सेनेटर होता, आणि ३ मेच्या सत्तांतरामागील मंडळींत त्याच्याच घरची माणसे होती. एरारला उतावळा व महत्त्वाकांक्षी ठरविण्यात त्याचा स्वतःचा संबंध गुंतलेला होता. तोमा मादियूची दृष्टी काहीशी व्यापक आहे. विसाव्या शतकात लेस्ली मानिगा याने १८४३ च्या क्रांतीकडे एका आर्थिक व सामाजिक अरिष्टाचा स्फोट म्हणून पाहावयास शिकविले. हाच मानिगा फेब्रुवारी १८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, हैतीचा अध्यक्ष झाला आणि जूनमध्ये सेनेने त्याला पदच्युत केले. त्याचीही कारकीर्द साडेचार महिन्यांचीच. डेव्हिड निकल्स याने वर्णभेदाच्या विचारसरणीचा धागा पुढे नेला, तर मिमी शेलर हिने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिके चळवळीला शेतकऱ्यांच्या लोकशाही आकांक्षेचे स्थान दिले. दोमिनिकन बाजूने फ्रांक मोया पोन्स याचे संशोधन भूधारणेच्या प्रश्नावर विशेष प्रकाश टाकते. हे सर्व एकत्र वाचले असता एरारचे व्यक्तिमत्त्व हळूहळू लहान होत जाते, आणि त्याच्या हाती दिलेल्या साधनाचा अपुरेपणा मोठा दिसू लागतो. तो द्युमेलहून बुद्धिमान नव्हता, सांतानाहून कुशल सेनानी नव्हता, हे खरे. पण त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर आकाओची माणसे घरी बसली असती, असे मानण्यास आधार दिसत नाही.

१८४६ च्या घटनेने आजीव अध्यक्षपद पुन्हा आणले. चार वर्षांची मुदत हैतीच्या घटनेत परत आली ती १८६७ मध्ये. ब्वाये पॅरिसमध्ये ९ जुलै १८५० रोजी वारला. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, ३१ ऑगस्ट १८५० रोजी, एरारही जमेकात मरण पावला. त्या वेळी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये सुलूकच्या साम्राज्याला एक वर्ष पूर्ण झाले होते, आणि पूर्वेकडील प्रांत परत मिळविण्यासाठी त्याच्या मोहिमांचे बेत अद्याप चालूच होते.